रुमालातला शेजार

दोरी सोडली, कापडाची चार टोकं बाजूला केली आणि वरचं पत्र अलगद उलगडलं की टेबलावर काहीतरी सांडतं. बारीक, करडे, चमकणारे कण. ती वाळू असते. बोरूनं लिहिलेली शाई चटकन वाळावी म्हणून कारकुनानं ओल्या अक्षरांवर चिमूटभर वाळू भुरभुरली, कागद झटकला, घडी घातली. झटकूनही जे दोन-चार कण घडीत राहिले, ते अडीचशे वर्षं तिथेच होते. दप्तरखान्यात काम केलेल्या बहुतेकांनी हे पाहिलेलं असतं आणि पहिल्यांदा पाहताना प्रत्येकाचा हात थांबतो. मजकुराचं एक अक्षरही वाचण्याआधी लिहिणाऱ्याच्या खोलीतली वाळू आपल्या बोटांना लागलेली असते.

ज्या कापडात हे कागद बांधतात त्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात असे तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. पेशवे दप्तर म्हणतात ते मुख्यतः हेच. शिवाय भारत इतिहास संशोधक मंडळात, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि डेक्कन कॉलेजात घराण्याघराण्यांची दप्तरं येऊन राहिली आहेत. दूर तंजावरात भोसले राजांचे मोडी कागद आहेत. गोव्यात पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदांच्या शेजारी मराठी पत्रव्यवहार सापडतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हा सगळा राजकारणाचा कागद असणार: तह, मोहिमा, सनदा. पण रुमाल सोडून पाहिला की त्यात सासूची तक्रार निघते, बाळंतिणीसाठी मागवलेल्या डिंकाची यादी निघते, घोड्याच्या पायाला झालेल्या दुखण्याची काळजी निघते. ही खासगी पत्रं तिथे आली कशी आणि टिकली कशी, हे समजलं तर आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेचं काय करायचं हेही पुष्कळसं समजतं.

आधी एक पत्र जवळून पाहू. कागद हाताने केलेला, अरुंद आणि लांब. मजकूर वाढला की खाली दुसरा तुकडा चिकटवायचा. या तुकड्यांना बंद म्हणतात. वर देवाचं नाव, मग ज्याला लिहायचं त्याचा मायना. त्या मायन्यातच नातं, वय आणि मान ठरून गेलेला असतो. वडीलधाऱ्यांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव, सवाष्णीला सौभाग्यवती, विधवेला गंगाभागीरथी. लिहिणाऱ्याचं नाव शेवटी नसतं, ते मायन्यापाठोपाठ वरच येतं, साष्टांग नमस्कारासह किंवा आशीर्वादासह. नंतर इथलं कुशल, तिथलं कुशल विचारणं, आणि मग विशेष. अक्षर बहुतेक कारकुनाचं. पण कधी शेवटच्या दोन ओळी वेगळ्या हाताच्या असतात, वळण ओबडधोबड, ओळ तिरकी गेलेली. धन्यानं तिथे स्वतः बोरू हातात घेतलेला असतो. कारकुनाला सांगता येणार नाही, असं काहीतरी त्या दोन ओळींत असतं. माझ्या मते अशा पत्रात सर्वांत आधी त्याच दोन ओळी वाचाव्यात.

आता तारीख. तिथे वाचणारा अडतो. पत्रावर ‘छ’ हे अक्षर असतं, म्हणजे चंद्र. त्यापुढे आकडा आणि साबान, सवाल, जिल्काद असा महिना. साल मात्र पुष्कळदा नसतंच. लिहिणाऱ्याला ते लिहायची गरज वाटली नाही, कारण वाचणारा त्याच वर्षात जगत होता! जंत्री जवळ असली तरी साल ठाऊक नसेल तर महिन्याचा उपयोग काय? पत्र १७५५ चंही असू शकतं, १७८८ चंही.

अशा वेळी पत्राचा शेजारी उपयोगी पडतो. समजा, पत्रात एवढंच आहे की सुनेला सातवा महिना आहे, पाऊस उघडला, बैलजोडी घेतली. या पत्राच्या खालीच, त्याच रुमालात, बारशाच्या खर्चाची यादी आहे: खोबरं, साखर, सोनाराला दिलेलं, ब्राह्मणांना दिलेलं. आणि यादीच्या माथ्यावर कारकुनाच्या सवयीप्रमाणे पूर्ण साल आहे: इसन्ने सबैन मया व अलफ. अरबी आकडे उलट्या क्रमानं वाचायचे: दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७२. हा सुहूर सन, सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होणारा, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७१ चा पावसाळा ते १७७२ चा उन्हाळा. सुनेला सातवा महिना होता तो काळ सापडला. त्यावरून घोड्याचं दुखणं, सासूची तक्रार आणि बैलजोडीची किंमत या साऱ्यांना साल मिळालं. पत्र मिळालं की पावल्याची तारीख त्याच कागदावर टिपण्याची पद्धतही होती. तिला पैवस्ती म्हणत. निघाल्याची तारीख आणि पैवस्ती यांच्यातलं अंतर मोजलं की पत्र नेणारा कासीद किती दिवस वाटेत होता हे कळतं, आणि तेवढ्यावरून तो पावसात अडला की नदीवर, याचा अंदाज येतो.

दप्तर राखणारे जाणते लोक म्हणूनच एक गोष्ट जिवापाड जपतात: कागद ज्या क्रमानं, ज्यांच्या संगतीत आले, त्याच संगतीत राहू द्यायचे. प्रेमळ पत्रं एकीकडे, हिशेब दुसरीकडे असं केलं की दोन्ही मुकी होतात.

आता ही पत्रं टिकली कशी ते पाहू. आपल्याला वाटतं, लोकांनी ती मायेनं जपली. काहींनी जपलीही असतील. पण घराण्यांची दप्तरं पिढ्यान्‌पिढ्या टिकली याचं खरं कारण जमीन हे आहे. वतन, इनाम, हक्क, पानमान हे सगळं कागदावर उभं होतं. भाऊबंदकी पेटली की सनद दाखवावी लागे, वाटणीचं पत्र दाखवावं लागे, पणजोबांनी कोणाला काय लिहून दिलं होतं ते दाखवावं लागे. कुठला कागद कधी उपयोगी पडेल सांगता येत नसल्यामुळे सगळेच ठेवायचे. सनदेच्या रुमालात आजीचं पत्र बांधलं गेलं आणि सनदेच्या आश्रयानं जगलं.

इंग्रजांनी १८१८ साली पेशवाई घेतली तेव्हा पेशव्यांचं दप्तरही ताब्यात घेतलं. त्यांनाही ते हवं होतं ते याच कारणासाठी. इनाम कमिशनचं काम सुरू झालं, १८५२ चा कायदा झाला, आणि गावोगावच्या इनामदारांना सांगण्यात आलं की तुमचा हक्क सिद्ध करा. एका रात्रीत घरातला जुना कागद म्हणजे धन झाला आणि भीतीही झाली. हरवला तर जमीन जाते, दाखवला तर त्यातली त्रुटी सरकारला दिसते. ही भीती पुढे दोन-तीन पिढ्या घरात मुरून राहिली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायी हिंडत दप्तरं पाहायला मागत तेव्हा दारातच नकार मिळे, त्यामागे हीच मुरलेली धास्ती होती. सनद पाहून हा माणूस काय करील कोण जाणे! राजवाड्यांनी तरीही १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड छापला, पानिपतच्या आधीच्या दशकातल्या पत्रांचा, आणि एकूण बावीस खंडांपर्यंत हे काम नेलं.

त्याच सुमाराला, १८९७ पासून, मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन घराण्याची पत्रं ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून छापू लागले. खऱ्यांविषयी मला विशेष आदर वाटतो. राजवाडे वादळासारखे फिरले आणि कागद दिसेल तिथून गोळा करत गेले. खरे एका घराण्याच्या कागदांशी बसून राहिले. त्यामुळे त्यांच्या संग्रहात एकच कुटुंब वर्षानुवर्षं बोलताना ऐकू येतं. कर्नाटकातल्या छावणीतून निघालेलं पत्र, त्याला घरून गेलेलं उत्तर, मग पुढच्या पत्रात त्याच विषयाचा धागा. हैदराशी लढणारा सरदार आणि घरच्या कर्जाची विवंचना करणारा सरदार हा एकच माणूस आहे हे अशा सलग वाचनातच दिसतं.

सरकारी ताब्यातलं पेशवे दप्तर मात्र अभ्यासकांना फार काळ मोकळेपणानं पाहता येत नव्हतं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीनं आग्रह धरला, गणेश चिमणाजी वाडांनी रोजनिश्यांमधून उतारे काढले. पण दार खऱ्या अर्थानं उघडलं ते १९३० च्या आसपास. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई कामाला बसले, जदुनाथ सरकारांचा पाठिंबा होता, आणि १९३० ते १९३४ एवढ्या थोड्या काळात पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. त्यांत पेशव्यांच्या खासगी आयुष्याला स्वतंत्र जागा दिली, हा सरदेसायांचा मोठेपणा. चाळीस वर्षांपूर्वीचा संपादक असता तर आजारपणाची आणि रुसव्याफुगव्याची पत्रं फुटकळ म्हणून बाजूला ठेवून मोकळा झाला असता. इथे मात्र थोरले माधवराव राज्य चालवणारे पेशवे म्हणून जसे दिसतात तसेच क्षयानं झिजत जाणारा तरुण मुलगा म्हणूनही दिसतात. त्यांची आई गोपिकाबाई पुढे नाशिकजवळ राहत होत्या. नातू सवाई माधवराव यानं दिवसभर कसं वागावं, कोणाशी कसं बोलावं, याची कलमंच्या कलमं त्यांनी लिहून पाठवली. नवरा, तीन मुलं, सगळं गमावलेली आजी आहे ती. त्या कलमांतला करडेपणा वाचताना हे लक्षात ठेवलं की तो वेगळाच ऐकू येतो.

पण निवड म्हटली की शेजार तुटतो. ४५ खंडांत न आलेला कागद त्या खंडांतल्या कागदाचा सख्खा शेजारी असू शकतो. म्हणून छापील खंड हातात असूनही मोडी शिकलेली माणसं आजही मूळ रुमाल मागवतात, आणि ते योग्यच आहे.

जमिनीनं जपलेले हे कागद जमिनीबरोबरच निराधारही झाले. १९५० साली परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा आला, पाठोपाठ इनामं गेली, १९६२ साली पाटीलकीही संपली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीनं हे व्हायलाच हवं होतं. पण त्याचा एक परिणाम कोणाच्या मनातही नव्हता: सनदेची किंमत शून्य झाली आणि तिच्या पाठीशी बांधलेलं आजीचं पत्र उघडं पडलं. त्याच सुमाराला शाळांमधून मोडी गेली, म्हणजे घरात ते वाचणारंही उरलं नाही. त्याआधीच गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत अनेक गावांतले वाडे दप्तरांसकट जळाले होते. १९६१ च्या पानशेत पुरात पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमधल्या घरांत पाणी शिरलं आणि ट्रंकांमधल्या कागदांचा लगदा झाला. तरी माझ्या अंदाजानं आगीनं आणि पाण्यानं मिळून नेलं त्यापेक्षा जास्त कागद रद्दीच्या तराजूनं नेला. वाडा पाडायचा, बिल्डरला जागा द्यायची, माळा रिकामा करायचा, आणि दुपारी रद्दीवाला बोलवायचा.

ज्यांच्याकडे वतन नव्हतंच त्यांचं काय? त्यांचा रुमालच नव्हता. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली म्हणून तीन पत्रं आपल्यासमोर आहेत: १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. पहिलं माहेरी आजारपणात लिहिलेलं, शेवटचं दुष्काळात लोकांना मदत करत हिंडताना. दोन पत्रांमध्ये नऊ ते बारा वर्षांची पोकळी आहे. त्या पोकळीत ही बाई गप्प बसली नव्हती, लिहीत असणारच. पण ते सांभाळणारी कचेरी नव्हती, हिशेबाचा कारकून नव्हता, कागद राखण्याचा धाक घालणारी जमीन नव्हती. आनंदीबाई जोशींची पत्रं टिकली ती एका वेगळ्याच वाटेनं. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंना त्यांनी लिहिलेली पत्रं तिकडे जपली गेली. त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी, १८८८ साली, कॅरोलाइन डॉल यांनी अमेरिकेत त्यांचं चरित्र लिहिलं, आणि इकडे काशीबाई कानिटकरांनी पत्रांच्या आधारे मराठी चरित्र सिद्ध केलं. वयाची बाविशी ओलांडण्याआधीच गेलेल्या मुलीचा आवाज आपल्याला इतका स्पष्ट ऐकू येतो तो एका परक्या घरानं तिची पत्रं टाकून दिली नाहीत म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कागदांची गोष्टही अशीच आडवाटेची आहे. त्यांच्या पश्चात ते कागद वारसाच्या वादात न्यायालयीन ताब्यात गेले, वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहिले, आणि अखेर महाराष्ट्र शासनाच्या हाती आल्यावर वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून खंडांमधून लोकांपुढे येऊ लागले.

आता आपल्या ट्रंकेकडे येतो. विसाव्या शतकातल्या साध्या मराठी घराचं दप्तर म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली तार. खालून वाकवलेली, वरून टोकदार. पोस्टकार्ड वाचून झालं की तारेत खोवायचं. तार भरली की काढून दोरा बांधायचा आणि ट्रंकेत टाकायचं. ही तार म्हणजे नकळत पाळलेला उत्तम क्रम असतो: खालचं आधीचं, वरचं नंतरचं. कार्डाच्या मध्ये भोक पडतं आणि एखादं अक्षर जातं, तेवढा तोटा सोसावा. तारेवरची कार्डं सोडवून विषयवार लावू नयेत. मी हे सांगतो ते स्वतः केलेल्या चुकीवरून. शाळेत असताना तिकिटं जमवायच्या नादात आजीच्या ट्रंकेतल्या पाकिटांवरची तिकिटं मी कात्रीनं चौकोनी कापून घेतली. तिकिटाबरोबर टपालाचा शिक्का गेला, शिक्क्याबरोबर गाव आणि तारीख गेली. आत पत्रावर वर नुसतं ‘बुधवार’ आहे. अशी चाळीसेक पत्रं आजही माझ्याजवळ आहेत आणि ती कोणत्या वर्षातली हे मला खात्रीनं सांगता येत नाही.

कागदाविषयी एक उलटी वाटणारी गोष्ट. १७६० च्या पत्रापेक्षा १९४० चं पत्र आधी मरतं. जुना हातकागद चिंध्या आणि तागापासून झालेला, त्याचे तंतू लांब. शाई काजळीची, ती उडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातलं आम्ल त्यालाच आतून खातं. म्हणून आजोबांची वही पिवळी पडते आणि घडीवर तुटते, तर पेशवाईतला बंद उलगडताना अजून कापडासारखा मऊ लागतो. तुटलेल्या घडीवर सेलोटेप लावला की काही वर्षांत डिंक कागदात उतरून तपकिरी पट्टा उठतो आणि तो मग निघत नाही. प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करणं त्याहून वाईट. सुती कापड, कोरडी जागा, कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी, आणि पावसाळा संपल्यावर एकदा सावलीत वारा देणं एवढं घरी करता येतं. संस्थेला द्यायचं असेल तर गठ्ठा जसा आहे तसा द्यावा. ‘महत्त्वाचं’ निवडून देण्याचा मोह टाळावा, कारण महत्त्वाचं काय हे आपल्याला ठाऊक नसतं. सोबत एक कागद मात्र आपण लिहावा: ‘ताई’ म्हणजे कोण, ‘नागपूरकर’ कोण, ‘बाळ’ नावाचे घरात तिघं होते त्यातला हा कुठला. हे आज जिवंत असलेल्या एखाद्या आत्याला माहीत असतं, आणि दहा वर्षांनी ते कोणालाच माहीत नसतं. कायद्यातली बारीक गोष्टही ध्यानात असावी: पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. देणं आणि छापणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत.

घरगुती दप्तरात एक भोक मात्र रूढीनंच पाडलेलं आहे. मृत्यूची बातमी आणणारं कार्ड घरात ठेवत नसत. त्याचा कोपरा फाडलेला असे. तो पाहूनच घरात कळायचं. बाहेर उभ्यानंच वाचायचं, वाचून फाडून टाकायचं आणि आंघोळीला जायचं. त्यामुळे मराठी घराच्या ट्रंकेत कुंकवाची बोटं लागलेल्या लग्नपत्रिका असतात, बारशाची निमंत्रणं असतात, आणि मरणाची पत्रं नसतात. माणसं त्यात अचानक लिहायची थांबतात, एवढंच दिसतं.

आमच्या तारेवर आजीच्या धाकट्या बहिणीची कार्डं आहेत. गिचमिड अक्षर, कडेनंही आडवं लिहिलेलं, दर पंधरवड्याला एक. शेवटच्या कार्डात गौरीला येतेस का असं विचारलंय, आणि त्यानंतर तिचं कार्ड नाही. त्याच दोऱ्यात आजोबांची खर्चाची वही बांधलेली आहे, लाल पुठ्ठ्याची. गौरीच्या आदल्या आठवड्यात तिच्यात एक ओळ आहे: एस.टी., जाणं दोन तिकिटं, येणं तीन, त्यांतलं एक अर्धं. पुढच्या महिन्यापासून दुधाच्या ओळीत अर्धा शेर वाढला आहे.